सोमेश्वरच्या पुढची पिकनिक

आफ्रिकेतल्या तांब्याच्या खाणींच्या एका गावात यांनी नऊ वर्षं गणिताची मास्तरकी केली आणि अठ्ठ्याहत्तर साली आम्ही दोघं नाशिकला परत आलो. माझ्याजवळ तेव्हा वेताची झाकणवाली टोपली होती आणि भरपूर तोरा होता. टोपली कस्टमवाल्यांनी उघडून पाहिली. तोरा कुणी तपासला नाही, त्यामुळे तो तसाच गंगापूर रोडपर्यंत आला.

तिथं भाड्याचं घर घेतलं, जुनी स्कूटर घेतली आणि दर रविवारी भटकायला सुरुवात केली. पांडवलेणी चढायला मी उंच टाचांचे सँडल घालून गेले आणि ते हातात धरून अनवाणी उतरले. खाली एका शाळेची सहल बसली होती, त्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. इगतपुरीला धुकं बघायला गेलो, तर धुक्याशिवाय काहीच दिसलं नाही. तरी शेजारणीला मी तासभर वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "या वयात एवढं फिरवणारा नवरा मिळायला नशीब लागतं हो." मला ते पटलं. मी सुखाने फुगले होते.

फक्त एक गोष्ट होती. हे सगळीकडे न्यायचे, पण गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी रामकुंडाच्या बाजूला, कधी जायचे नाहीत. भाजीबाजार तिथेच, तरी पिशवी माझ्या हातात देऊन हे वरच्या रस्त्याला स्कूटर धरून उभे राहायचे. कारण मला ठाऊक होतं. परत येण्याच्या आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. तार जुन्या पत्त्यावर फिरून आमच्यापर्यंत आली तोवर इकडे धाकट्या दिरांनी रामकुंडावर त्यांचा दहावासुद्धा उरकला होता. ती तार यांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि मुलांच्या वह्या तपासायला बसले. डोळ्यांतून टिपूस नाही. त्यानंतर आईचं नाव नाही. मी विषय काढला की विचारायचे, "मग या रविवारी कुठं?" मला त्याची भीती वाटायची. माणसानं एकदा रडून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. काय बोलून धीर द्यायचा, तेही मी मनात तयार करून ठेवलं होतं. पण हे रडतील तर ना!

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी जाहीर केलं, आज खरी पिकनिक. तिकडे गोऱ्या बायका करायच्या तशी. काकडीची सँडविचेस, थर्मासात चहा आणि लेसची किनार असलेला पांढरा टेबलक्लॉथ. सोमेश्वरचं देऊळ ओलांडून पुढे नदीकाठी एक सपाट खडक सापडला. यांना पाण्यात उतरायची लहर आली. मी ऐटीत टेबलक्लॉथ पसरला, टोपली उघडली आणि पाहते तर प्लेटी घरीच राहिलेल्या. काटे-चमचे मात्र डझनभर. हे पाण्यातूनच हसले, मी चिडले. शेवटी शेजारच्या पळसाची पानं तोडून आणली आणि त्यांवर सँडविचेस मांडली. हे पंचा गुंडाळून निथळत येऊन बसले. मी रागाने पाठ वळवून बसले.

आता हे चित्र लांबून बघा. नदीचा काठ, सकाळची दहाची वेळ. ओलेत्यानं उघडाबंब बसलेला पुरुष, त्याला पूर्ण टक्कल. समोर पांढऱ्या कापडावर पानं वाढलेली. शेजारी तोंड पाडून बसलेली बाई. आणि चार हातांवर एक कावळा.

जुड्या धुवायला एक म्हातारी मेथीचा भारा घेऊन उतरली. मळ्यातलीच असावी. आम्हाला पाहून थबकली, भारा खाली ठेवला, चपला काढल्या आणि पदर डोक्यावर घेऊन हळू आवाजात मला म्हणाली, "कोणाचा दहावा हाय, बाई?"

माझा सगळा तोरा त्या क्षणी गोदावरीला मिळाला. मी म्हणणार होते, अहो बाई, ही पिकनिक आहे. शब्द ओठावर आले होते. तेवढ्यात हे म्हणाले, "आईचा."

मी गर्रकन वळले. हे थट्टा करत नव्हते. मांडी घालून ताठ बसले होते आणि कावळ्याकडे बघत होते.

म्हातारीही बसली. आम्ही तिघं वाट बघू लागलो. कावळा दोन उड्या मारून आला, सँडविचकडे मान वाकडी करून पाहिलं आणि मागे सरला. "हे काय ठिवलंय?" म्हातारीनं विचारलं. "पाव," मी म्हणाले. लाज वाटली. सासूबाईंनी जन्मात पावाला हात लावला नव्हता, आणि मी त्यांना काकडी-लोणी घालून वाढत होते.

"पाव कुठं खात्यात म्हातारी माणसं!" तिनं कमरेचं फडकं सोडलं, बाजरीची भाकरी काढली, चतकोर मोडून सँडविचेस बाजूला सारली आणि पानावर ठेवली. कावळा जवळ आला. पुन्हा थांबला.

"जीव अडकलाय माउलीचा," ती यांना म्हणाली. "मनातलं बोला. जे राह्यलं आसंल ते बोला, दादा."

यांनी हात जोडले. मग म्हणाले, "आई, मला यायला उशीर झाला गं."

कावळा कधी शिवला ते मी पाहिलंच नाही. "शिवला, शिवला," असं म्हातारी म्हणाली तेवढं ऐकू आलं. मी यांच्याकडे बघत होते. हे रडत होते, लहान मुलासारखे, मोठ्यानं, पालथ्या मुठीनं नाक पुसत. म्हातारीनं भारा उचलला, आम्हाला दोघांना नमस्कार केला आणि जुड्या धुवायला खालच्या अंगाला गेली. तिला खरं काय ते सांगायचं राहून गेलं. खरं काय होतं, तेही मला सांगता आलं नसतं.

जे रडणं यावं म्हणून मी दोन वर्षं देव पाण्यात घालून बसले होते, ते शेवटी आलं, आणि तयार ठेवलेला एक शब्द मला आठवेल तर शपथ. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत मी बावळटासारखी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, पंचा ओला आहे, सर्दी होईल."