अल खर्जचा मासा आणि माझी सुट्टी

आता हा किस्सा सांगावा की नाही, हाच प्रश्न आहे. पण चहा आलाय आणि तुम्हीही जागचे हलत नाही, तेव्हा ऐका. फक्त माझ्या बायकोसमोर हसू नका. ती आधीच पुरेशी हसलीय.

मी श्रीवर्धनचा. रियाधला अल मलाझमध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या मंजुरीशिवाय देश सोडता येत नाही तो मालक, अबू फहद स्कॉटलंडला फिरून आला तो मासेमारीचं वेड घेऊनच! लांब बूट, महागडा गळ, गळाला लावायच्या पिसांच्या नकली माश्या. आणि पकडायचे काय, तर ट्राउट आणि सालमन. थंड पाण्यातले मासे. सौदीत!

"नसीर, तुम समंदरवाला. तुम मेरा गाइड," तो म्हणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं की साहेब, गावाला आमचं कापडाचं दुकान. मासा मी ओळखतो तो दारावर आलेल्या मासेवालीच्या टोपलीत, कल्ला उघडून. मला तर पोहताही येत नाही! पण आठवड्यावर बहिणीचं लग्न आलेलं, आणि सुट्टी त्याच्या हातात. वर तो म्हणतो, "एक मछली मिला, तो तुम्हारा छुट्टी पक्का." झालं, मी गाइड!

बायको फोनवर म्हणाली, "अवो, तुमी आनी गाइड? तुमाला धक्क्यावर उभं राहून चक्कर येते!"

पहिल्यांदा गेलो रास तनुराकडच्या समुद्रावर. मी ओलं बोट हवेत धरलं, पाण्याचा वास घेतला, "सालमन इधरही है" असं ठणकावलं आणि होडीच्या कडेवरून सकाळचा नाश्ता समुद्राला अर्पण केला. मग पावसाचं पाणी साचलेल्या एका वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीच्या पात्रात, उभे राहिलो. तिथे गळाला झुडूप लागलं. झुडपावर सुट्टी मिळत नाही.

आठवडा संपत आला तेव्हा अबू फहदलाच आठवलं, अल खर्जला त्याच्या मित्राचं शेत आहे. मित्राने शेडमध्ये गार पाण्याचा हौद बांधून ट्राउट पाळले होते. सोबत एकुलता एक सालमन, पिल्लापासून जपलेला.

गळ टाकला आणि काय सांगू, ट्राउट लागला की! मी नाचलो. अबू फहदने फोटो काढला, माशाला कुरवाळलं, हात पाण्यात बुडवला, आणि मासा सुळकन पसार!

तुम्हीच सांगा, हातात आलेला मासा शहाणा माणूस सोडेल का? मला वाटलं, निसटला! बिचारा मान खाली घालून मोबाईलकडे बघत होता, दुःखानेच असणार. मासा गेला, म्हणजे सुट्टी गेली, बहिणीचं लग्न गेलं.

"या अल्लाह!" ओरडलो आणि त्याच्या बाजूनेच हौदात उडी घेतली. पाणी कमरेएवढं, पण नुसता बर्फ! समोर मोठा मासा दिसला. छातीशी कवटाळला, वर आलो, कठड्यावर डोकं आपटलं. माशाचं.

"सर, पकडा! पकडा!"

मागून मित्र धावत आला. मग मित्राने डोक्याला हात लावला. "मेरा सालमन!"

"नसीर," अबू फहद हळूच म्हणाला, "मछली पकडके छोड़ना, यही खेल है."

त्याचा हात रिकामा दिसला. "और मोबाईल, सर?"

"तुम्हारा छुट्टी डाल रहा था. तुम कूदा, धक्का लगा. मोबाईल पानी में. खलास."

कॉम्प्युटरवरून टाका म्हटलं, तर त्याचा कोड येणार बुडालेल्या मोबाईलवर. नवं सिम आणायचं, तर साहेब मित्राची समजूत काढण्यात गुंतलेले. "बुकरा, बुकरा," म्हणजे उद्या, उद्या. सुट्टी मंजूर झाली ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

लग्न मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? पुढ्यात सालमनचं कालवण होतं. मेलेला मासा मित्राने माझ्याच गळ्यात मारला होता.

"भाईजान, काय जेवतोस?" नवरीने विचारलं.

"सालमन."

"मजा हाय तुझी!"

हो ना! अबू फहदने पकडून मासा सोडला. मी सुट्टी सोडली.