बशीरने रचलेल्या सात पिढ्या

कतारमध्ये उम्म सलाल मोहम्मदहून रास लफानच्या गॅस प्रकल्पावर जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बशीर आणि एम्रिस शेजारी बसत. बशीर रत्नागिरीकडचा टेक्निशियन. एम्रिस वेल्सचा, त्याचा सुपरवायझर. आपल्या जुन्या लोकांविषयी बोलायला लागला की एम्रिसला थांबवणं कठीण. सॅक्सन आले आणि त्यांनी आम्हाला आमच्याच मुलखात ‘वेल्श’, म्हणजे परके ठरवलं. आम्ही मात्र स्वतःला ‘कम्री’, एका मातीतले, म्हणवत राहिलो, असं तो सांगे.

“आमच्या साध्या माणसालाही तेव्हा सहा-सात पिढ्या तोंडपाठ असायच्या,” एकदा तो म्हणाला. “तुझ्या?”

बशीरला आजोबांपलीकडे काही ठाऊक नव्हतं, आणि आजोबा तर दुसऱ्याच्या होडीवर वल्हं मारायचे. सांगायची लाज वाटली. त्याने ठोकून दिलं, “मूळपुरुष अरबस्तानातून आलेला कप्तान. पुढे सात पिढ्या कप्तानच. आजोबासुद्धा.”

पुढे बशीरचे वडील इरशाद व्हिजिट व्हिसावर कतारला आले, तेव्हा बशीरची बायको जैतून हिने एम्रिसला जेवायला बोलावलं. ताटावर बसताच एम्रिसने म्हाताऱ्याला अदबीने विचारलं, “तुमचे वडील जहाजाचे कप्तान होते ना?”

इरशादनी उमेदीची वर्षं बोटीवर काढलेली. एवढं इंग्रजी त्यांना कळे. त्यांनी बशीरकडे पाहिलं. तो मान खाली घालून मासळीचे काटे काढत होता.

“येस साब,” ते म्हणाले. “बिग कॅप्टन.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बशीरने सगळं कबूल केलं. एम्रिस हसला. “अरे, आमच्या राजांचे भाट तरी काय करायचे? राजाचं घराणं थेट रोमच्या सम्राटाला नेऊन भिडवायचे!”

बशीरला हसू आलं नाही. भाटांनी निदान स्वतःच्या तोंडाने थापा मारल्या होत्या. त्याने आपली थाप बापाच्या तोंडून वदवली होती.

घरी येऊन तो वडिलांच्या पायाशी बसला. “अब्बा, चुकलो. माफ करा.”

“तुला काय माफ करू? तुजा मान र्‍हयला, खलास,” इरशाद म्हणाले. मग हळूच म्हणाले, “पन माज्या बापान वल्हा मारून आमाला वाढवलान रे. जेवनावर बसून मीच त्याला नाकारला.”

बशीरने एम्रिसला पुन्हा बोलावलं. या वेळी ताटावर बसूनच आजोबांचं नाव घेऊन, ते कोणाच्या होडीवर होते, एकदा समुद्रात वादळातून कसे वाचले, हे सांगितलं. एम्रिस मनापासून ऐकत होता.

इरशाद मात्र आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. जैतूनने त्यांचं ताट आत नेऊन दिलं.