सासू उंबऱ्यावर

माझी नात सांगलीला मानसशास्त्र शिकते. फौजींच्या बायकांच्या एकटेपणावर तिनं निबंध लिहिला आणि कॉलेजात द्यायच्या आधी मला वाचायला दिला. तिचा आजोबा फौजेत होता, बाप अजून आहे. मी चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचता वाचता दुपार गेली. मध्ये तीनदा उठले, उगाच दारापर्यंत जाऊन आले.

"कसा झालाय, आज्जे?"

"सुट्टी संपवून नवरा गेला की बाई घासलेलीच भांडी परत घासती, हे लय खरं लिवलंस. शेवट खोटा हाय."

तिचा चेहरा पडला. आमच्या वडूजकडच्या गावातल्या बारा फौजींच्या बायकांना तिनं विचारलं होतं. त्यांना एकटेपणा जाणवत नाही, असा शेवट केला होता.

"खोटा कसा? बाराजणी न्हाई म्हणाल्या. तू बी."

"एकटेपणा जाणवतो का, असं इचारलंस. दीर, जावा, पोरं, म्हशी. घरात एकटी असती कोण? आमी 'करमत न्हाई' म्हणतो. तसं इचारायचं."

ती कागदावर खरडत राहिली. परवा निबंध द्यायचा होता. मी तिथंच थांबले असते तर चाललं असतं. पण जीव थाऱ्यावर नव्हता.

"आन् तुझ्या आईला इचारलंस, तवा मी कुठं हुते?"

"उंबऱ्यावर. शेंगा फोडत."

"मग सासूफुडं ती काय सांगंल?"

"हे बी लिहू व्हय?"

"लिही. चूक तुझ्या एकटीची न्हाई."

गोठ्यातल्या सुनेला हाक मारली, लेकीसमोर बसवलं आणि चपला घालून बाहेर पडले. एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. नवरा फौजेत असताना, कुणी येणार नसलं तरी, काहीतरी निमित्त काढून मी इथं यायची. बसवेना. उठून निम्म्या वाटेपर्यंत आले. इतक्यात त्यांचं बोलणं झालं नसेल, म्हणून परत फिरले. दोन गाड्या गेल्या, तेव्हा घरी आले.

नात खाली मान घालून लिहीत होती. तीन पानं भरली होती. सुनेचे डोळे लाल होते. तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

"आवं आत्या, एवढा येळ कुठं हुता?" तिनंच विचारलं.

"थांब्यावर."

"कोण येणार हुतं?"

"कोण न्हाई. करमत न्हवतं."

नातीनं मान वर केली. सून माझ्याकडं बघत राहिली. मग आत जाऊन तिनं चहा टाकला.