बैठकीआधीचं इतिवृत्त

जिल्हा परिषदेच्या तिसऱ्या मजल्यावर दर सोमवारी अकरा वाजता सहा बड्या माणसांची बैठक बसायची. मधोमध मुख्याधिकारी आणि टेबलाभोवती रस्ते, पाणी, आरोग्य, शाळा, हिशेब या पाच खात्यांचे प्रमुख. सातवी खुर्ची भिंतीला टेकलेली असायची आणि तिच्यावर बसणाऱ्याला कुणी मोजत नसे. तो बैठकीचं इतिवृत्त लिहिणारा लघुलेखक. बावीस वर्षं त्यांनी लिहिलेला प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' असा संपत आला, म्हणून अख्ख्या कचेरीनं त्यांचं नावच 'अनुमते' पाडलं. नव्यांना ते खरं आडनाव वाटायचं आणि जुन्यांना खरं आडनाव आठवायचं नाही. अनुमतेंना त्याचं काही वाटत नसे. उलट जरा बरंच वाटायचं.

त्यांची एक करामत होती. कार्यसूची शुक्रवारी हातात पडायची, आणि अनुमते त्याच दिवशी सोमवारचं इतिवृत्त टाइप करून मोकळे व्हायचे! हसू नका. बावीस वर्षं भिंतीशी बसल्यावर कोण काय बोलणार हे माणसाला पाठच होतं. रस्तेवाले खोकून 'विचार व्हावा' म्हणणार, शाळावाले घड्याळ बघणार, हिशेबवाले साहेबांकडे बघणार, आणि साहेबांनी मान हलवली की सगळ्यांच्या माना हलणार. बैठक उठायच्या आत कागद सहीला समोर. मुख्याधिकारी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आमचे अनुमते बघा, चहा थंड व्हायच्या आत इतिवृत्त!" घरी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही बैठक लिहिता की भविष्य सांगता?" आणि अनुमते मिशीत हसायचे. बैठकीत वही उघडून शॉर्टहँडमध्ये ते सगळं टिपायचेही, पण ती नुसती हाताची सवय. त्या वह्या कपाटात जायच्या. ती लिपी कचेरीत दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती, आणि वाचायची गरजही कधी पडली नव्हती.

पाणी खात्याच्या प्रमुख म्हणून नव्या बाई आल्या आणि पहिल्यांदा या भविष्याला खोट आली.

विषय साधा होता. माणसं अपुरी, म्हणून वरच्या वस्तीची पाण्याची टाकी दर महिन्याऐवजी दर चार महिन्यांनी धुवायची. नेहमीप्रमाणे माना हलल्या. पाणीवाल्या बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

"त्या टाकीत गाळ बसतो, साहेब. चार महिने थांबलो तर लोक आजारी पडतील. माझा याला विरोध आहे. तसं नोंदवा."

शाळावाले घड्याळ बघायचंही विसरले. मुख्याधिकारी हसले. "नोंदवा की. अनुमते, घ्या लिहून."

अनुमतेंची पेन्सिल वहीत चालली. बाईंनी ती चालताना पाहिली आणि त्यांचं समाधान झालं.

बैठक उठली. मुख्याधिकाऱ्यांना पुढच्या कामाला जायचं होतं, ते उभ्यानंच पेन काढून थांबले. शुक्रवारी टाइप केलेला कागद फायलीत तयारच होता. त्यात लिहिलं होतं, 'पाणी खात्याच्या सहमतीने, सर्वानुमते मंजूर.'

"साहेब, जरा दुरुस्ती..." अनुमते पुटपुटले.

"अहो, आता कुठं परत छापत बसता? त्यांचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलंच की."

आता तुम्हीच सांगा, पाच मिनिटांचं काम होतं. पण साहेब पेन उघडून उभे होते, आणि बावीस वर्षांत त्यांना ताटकळत ठेवण्याची वेळ अनुमतेंवर कधी आली नव्हती. त्यांनी कागद पुढे सरकवला. पुढच्या बैठकीत मागचं इतिवृत्त कायम होताना दुरुस्ती करू, असं मनाशी ठरवलं. पुढच्या सोमवारी बाईंची आई आजारी, बाई रजेवर. 'मागच्या इतिवृत्तावर कुणाची हरकत?' असं साहेबांनी विचारलं आणि कुणाचीच नव्हती. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे: अनुमतेंना त्या क्षणी हायसं वाटलं.

चौथ्या महिन्यात वरच्या वस्तीतली एकशे दहा माणसं एकाच आठवड्यात इस्पितळात गेली. निम्मी शाळकरी मुलं. खाटा पुरेनात, व्हरांड्यात गाद्या टाकल्या. नशीब, कुणी दगावलं नाही. पण लोक परिषदेच्या दारात येऊन बसले, वरून चौकशी अधिकारी आले आणि त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते इतिवृत्त. त्यात काळ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं स्पष्ट लिहिलेलं होतं की पाणी खात्याची सहमती होती. बाईंना त्याच दिवशी कामावरून दूर केलं. चौकशीत ठपका आला तर नोकरी कायमची जाणार होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी अनुमतेंना बोलावलं. धमकी नाही, दरडावणं नाही. स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली.

"अनुमते, तुमचं इतिवृत्त म्हणजे परिषदेची अब्रू. एक पान खोटं ठरलं ना, तर लोक विचारतील बाकीची कशी लिहिली. तुम्ही कशी लिहायचात, ते मला माहीत आहे. मी कधी बोललो का?"

म्हणजे करामत साहेबांना माहीत होती!

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "या बैठकीत कुणी विरोध नोंदवायला सांगितलं होतं का?" समोरच्या खुर्चीवर पाणीवाल्या बाई बसल्या होत्या. घाबरलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी अनुमतेंकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू आता सुटलेच.

"आठवत नाही, साहेब," अनुमते म्हणाले.

बाईंनी नजर खाली वळवली. त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं!

त्यानंतरचा आठवडा अनुमतेंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. कचेरीत कुणी 'अनुमते' अशी हाक मारली की कानाखाली वाजवल्यासारखं व्हायचं. हिशेबवाल्यांनी जिन्यात पाठ थोपटली, "शाबास, वाचवलंत सगळ्यांना!" त्या थापेनं ते मेल्याहून मेल्यासारखे झाले. घरी ती वही काढून ते एकच पान पुन्हा पुन्हा बघत बसायचे. शेवटी बायकोनं वही हातातून घेतली.

"ह्या किड्यामुंग्यांत एवढं काय आहे?"

त्यांनी सांगितलं. सगळं, शुक्रवारच्या टायपिंगपासून.

बायकोनं वही मिटून खाली ठेवली. मग म्हणाली, "ती बाई मला परवा दुकानात दिसली होती. मी आपणहून बोलले, काळजी करू नका म्हणाले, आमचे हे आहेत ना म्हणून. कुठल्या तोंडानं बोलले मी?"

दुसऱ्या दिवशी चार वाजता अनुमते वही पिशवीत घालून बाईंच्या घरी गेले. दार त्यांच्या आईनं उघडलं. म्हातारीची दृष्टी अधू, चेहरा पार जवळ आणून तिनं विचारलं, "कोण?"

"मी... कचेरीतला. इतिवृत्त लिहितो तो."

"अगंबाई, अनुमते का! या, या. आत या हो." म्हातारीनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "लेकीला सगळ्यांनी टाकलं, पण ती म्हणायची, आई, एका माणसानं लिहून घेतलंय, तो खोटं बोलायचा नाही. त्या एका आशेवर जेवत होती बघा. सांगितलंत ना तुम्ही खरं?"

अनुमतेंनी मान फिरवली. आतल्या खोलीच्या दारात बाई येऊन उभ्या होत्या.

"हो आई," बाई सपाट आवाजात म्हणाल्या. "सांगितलं त्यांनी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही. ज्या बाईची नोकरी त्यांनी धोक्यात घातली, ती त्यांची लाज झाकत होती. म्हातारीची समजूत घालायला म्हणा, की त्यांच्यावरच्या दयेनं म्हणा, काहीही म्हणा.

"नाही," अनुमते म्हणाले. "नाही सांगितलं, आजी. आठवत नाही म्हणालो."

म्हातारीनं हात लगेच सोडला नाही. तिला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

"मग आता कशाला आलात?"

अनुमतेंनी घाईघाईनं वही काढली. "यात आहे सगळं. शब्दन् शब्द. बाई, तुम्हाला वाचून दाखवतो..."

"मला कशाला वाचून दाखवता?" बाईंचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी काय बोलले ते मला माहीत आहे! ज्याला माहीत नाही त्याला दाखवा. चौकशी अधिकारी सहा वाजेपर्यंत आहेत कचेरीत. उद्या जाणार."

कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. ते उलट्या पावली निघाले.

तिसरा मजला चढताना त्यांचा श्वास फुलला. चौकशी अधिकारी फायली बांधायच्या तयारीत होते. मुख्याधिकारी समोरच बसले होते, निरोपाचा चहा चालला होता. अनुमतेंना बघून ते हसले आणि वही दिसताच हसू जागच्या जागी थांबलं. अनुमतेंनी ती टेबलावर उघडून ठेवली आणि उभ्यानंच वाचलं: गाळ, चार महिने, लोक आजारी पडतील, माझा विरोध आहे, तसं नोंदवा. मग न विचारता शुक्रवारचंही सांगितलं. बावीस वर्षांतले सगळे शुक्रवार.

"साहेब, यांची तब्येत..." मुख्याधिकारी सुरू झाले. चौकशी अधिकाऱ्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि कोरा कागद ओढला.

"जबाब बदलताय तुम्ही. कारण लिहावं लागेल. गेल्या आठवड्यात हे का आठवलं नाही?"

आता तब्येतीचं निमित्त होतं, वयाचं होतं, साहेबांनी नुकतंच पुढे केलेलंही होतं. अनुमतेंनी कपाळावरचा घाम पुसला.

"आठवत होतं, साहेब," ते म्हणाले. "हे पण लिहा."