करवंटीखालचे मासे

दादाचे मासे मी रोह्याहून पेणला आणले ते दुधाच्या किटलीतून. एसटीत ती मांडीवर धरून बसले होते. वडखळला गाडीत चढलेल्या बाईने विचारलं, "दूध कुठं नेतंस गो?" मी झाकण उचलून दाखवलं. आत बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, तोंडाला मिशा. "एवढ्याशांचं कालवण काय व्हणार?" ती म्हणाली. मी झाकण लावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

माझा मोठा भाऊ धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता आणि रोह्यात खोली घेऊन राहायचा. पाइपाचा जोड सुटून आतलं रसायन त्याच्या तोंडावर उडालं. उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड-अंधार तेवढा कळेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं. वडील मिठागरात कामाला. घरी येऊन त्यांनी ते आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, मग न्हाणीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

खोली सोडायला मी गेले, तेव्हा इस्पितळातून दादाचा एकच निरोप होता. भांडीकुंडी राहू दे, मासे आण. काचेची पेटी आणि हवेचा पंप वडिलांनी नंतर टेम्पोतून आणले.

हे मासे दिवसभर पेटीतल्या करवंटीखाली दडून बसायचे. दादा घरी आल्यावर त्याला बघायला आलेली माणसं रिकामं पाणी बघून एकमेकांकडे बघायची. दादा मात्र पेटीशेजारी खुर्ची टाकून बसे आणि पंपाच्या आवाजावरून हवा बरोबर येते की नाही ते सांगे. एकदा त्याने हात पाण्यात घालून करवंटी चाचपली. आई म्हणाली, "शिंगाळ्याच्या जातीचं हाय ते. काटा मारील."

काटा बसलाच. बोट सुजलं. दादा ते दाबून धरून हसत होता. इस्पितळातून आल्यापासून आम्ही त्याचं हसणं ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तो हळूहळू उठून कामं करायला लागला. स्वतःचा चहा स्वतः करायचा. पेटीतलं पाणीही तोच बदलायचा. नळाचं पाणी बादलीत भरून दिवसभर ठेवायचं, ब्लीचिंग पावडरीचा वास उडाला की मगच घालायचं, हे त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. या माशांना खवले नसतात, पाण्यातलं औषध लगेच लागतं, म्हणायचा. बादली न्हाणीच्या कोपऱ्यात असायची आणि तिला कोणी हात लावायचा नाही.

उन्हाळ्यात एकदा नळाला चार दिवस पाणी आलं नाही. घरात दुसरं पाणी नव्हतं, म्हणून आईने ती बादली भांड्यांना वापरली. पाचव्या दिवशी दुपारी नळ आला. आईने सगळं भरून घेतलं, ती बादलीही भरली आणि बाजारात गेली. त्या दिवशी पाण्याला पावडर इतकी होती की तांब्या तोंडाजवळ नेववत नव्हता.

मी कॉलेजातून आले तेव्हा दादा पेटीतलं पाणी बदलून तिच्याजवळ बसला होता. बाही कोपरापर्यंत वर केलेली, हात पाण्यात. दारातच मला वास आला. मासे वर आले होते, उलटे.

"आज हाताशी येत नायत," तो म्हणाला. "दडलेत काय?"

"वर आलेत, दादा."

त्याने हात पाण्यावरून फिरवला. एक मासा बोटांना लागला तसा त्याने तो तळहातावर घेतला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नीट चाचपला.

"पाणी कसलं होतं?"

"नळाचं. ताजं. घरभर वास सुटलाय."

त्याने ओला तळहात नाकाशी नेला. मग म्हणाला, "मला नाय येत."

मी न्हाणीतला ब्लीचिंग पावडरीचा डबा आणून त्याच्या नाकाशी धरला. मग कांदा कापून धरला. मग रॉकेलचं बुधलं. प्रत्येक वेळी तो मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "बस गो आता."

डोळ्यांचं सगळ्यांना माहीत होतं. नाकाचं कोणी विचारलंच नव्हतं, आणि जेवण बेचव लागतं हे तो कोणाला बोलला नव्हता. आपल्या हाताला चव राहिली नाही असं आईला वाटेल, म्हणून.

आई आली. बादलीचं ऐकून तिने पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यातच बसली. दादा तिला म्हणाला, "तुझं काय चुकलं नाय." पण त्या रात्रीपासून तिने त्याला गॅसजवळ एकट्याला जाऊ दिलं नाही. गॅस चालू राहिला तर त्याला कळणार कसं? तिचं खरंच होतं. दादाने वादही घातला नाही. चहा आयता हातात यायला लागला. पुढे पुढे तो न्हाणीपर्यंतही आम्ही धरून नेल्याशिवाय जाईना.

पेटी मी धुऊन माळ्यावर टाकली. माझं लग्न झालं, मी अलिबागकडे गेले. सणाला येई तेव्हा तो ओटीवर बसलेला असे. मी काय आणलंय ते आई त्याला सांगायची, आणि तो बरं म्हणायचा.