मल्हारीच्या डाव्या गालातली गोळी

ओझरच्या विमान कारखान्यात मल्हारी गांगुर्डे तपासनीस होता. तयार झालेला सुटा भाग उजेडात फिरवून बघायचा, केसाएवढी चीर दिसली तरी बाजूला काढायचा आणि रिपोर्टवर सही ठोकायची, हे त्याचं काम. साहेबांनी कितीही घाई केली तरी गडी बधत नसे. स्वतःच्या तोंडात मात्र त्यानं कितीतरी वर्षांत डोकावून बघितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. ब्याण्णव साली पाचवीतल्या रोहिणीनं बापाला तंबाखू सोडायला लावली. रडून, उपाशी राहून लावली. मल्हारीनं शब्द पाळला, पण गाल रिकामा राहीना. वीस वर्षं डावीकडे खालच्या दाढेपाशी तंबाखूचा मुक्काम असायचा. ती जागा सुनी पडल्यावर त्याला काही सुचेना. मग त्यानं तिथं लिमलेटची गोळी ठेवून बघितली. जमलं. चघळायची नाही, चावायची नाही, नुसती दाबून ठेवायची; ती आपली अर्धा तास विरघळत राहते. चावत नाही म्हणजे दातांना त्रास नाही, असा त्याचा तर्क. एक संपली की दुसरी. त्याची बायको चांगुणा युनिफॉर्मच्या खिशातल्या मुंग्या झटकायची आणि यापेक्षा तंबाखू बरी होती म्हणायची.

दात घासण्यात मात्र हयगय नव्हती. सकाळी एकदाच, पण असा जोर लावून की शेजाऱ्यांना कळावं, गांगुर्डे उठले. महिन्याभरात ब्रशचे केस चहूकडे पसरत. हिरड्यांतून रक्त आलं की त्याला वाटे, घाण निघाली. रात्री शेवटची गोळी गालात ठेवूनच तो झोपायचा.

दोन हजार साली रोहिणीला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मल्हारीनं सगळ्या खात्यात पेढे वाटले आणि त्या दिवसापासून लेकीसमोर ओठ मिटून हसायला लागला. दाढ ठणकली की लवंग, आणि कुणी विचारलं तर वारा लागला म्हणून सांगायचं.

शेवटच्या परीक्षेला पेशंट विद्यार्थ्यानंच आणायचा असतो. त्याची सगळी माहिती, दिवसाला गोड किती खातो इथपर्यंत, कागदावर लिहायची आणि परीक्षकांसमोर दाढ भरून दाखवायची. रोहिणीनं पंचवटीतल्या भाजीवाल्या भागीबाईंना ठरवलं होतं. त्या आदल्या संध्याकाळी भाचीच्या लग्नाला पेठला निघून गेल्या. रोहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. पेशंट नाही तर परीक्षा नाही, म्हणजे वर्ष बुडालं. ती रडायला लागली तसा मल्हारीनं घास गिळला आणि म्हणाला, "मी येतो. पण दोनच गोळ्या लिही."

रोहिणी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आईला विचारून तिनं कागदावर वीस लिहिलं.

परीक्षेला बाहेरगावच्या मॅडम आल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांचा माल उजेडात धरणारा मल्हारी खुर्चीत आडवा झाला, दिवा तोंडावर आला आणि त्याला दरदरून घाम फुटला. मॅडमनी बघितलं. उजवी बाजू ठणठणीत, डावीकडच्या खालच्या दाढा काळ्याठिक्कर, हिरड्या घासून घासून मागे सरकलेल्या. मग त्यांनी कागद वाचला आणि दिवसाला किती गोळ्या खाता, असं त्यालाच विचारलं.

शेजारचे चार-पाच विद्यार्थी बघत होते. मल्हारी म्हणाला, "दोन."

हल्लीची मुलं पेशंटला न विचारता मनानंच लिहितात, असं पुटपुटत मॅडमनी काट मारायला पेन उघडलं. बाप खोटं बोलतोय, एवढं सांगितलं असतं तरी रोहिणी सुटली असती. पण ती मान खाली घालून उभी राहिली.

ते मल्हारीला सोसलं नाही. तो ताडकन उठून बसला. "थांबा मॅडम. वीससुद्धा चूक आहे. तीस. रात्रीची धरून एकतीस."

मग कुणी न विचारता त्यानं सगळंच सांगून टाकलं. तंबाखूची जागा, ब्रशचा जोर, रक्त आलं की कसं बरं वाटतं ते. खिशातून गोळी काढून ती गालात कशी बसवायची तेही दाखवलं. विद्यार्थी तोंडावर हात धरून हसत होते. मॅडमनी गोळी थुंकायला लावली आणि स्वतःच्या हातानं एकतीस लिहिलं. त्या म्हणाल्या, गोडाचा खरा आकडा सांगणारा पेशंट आजवर पाहिला नव्हता. तुम्हाला काय गरज पडली?

"लेक आहे माझी," मल्हारी म्हणाला. "माझ्यापायी तिच्या कागदावर काट नको."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. माहिती बरोबर आहे, उलट कमीच लिहिली आहे, आता दाढ भरायला घे, असं त्यांनी रोहिणीला सांगितलं. मल्हारी आडवा झाला आणि त्यानं मोठ्ठा आ केला. रोहिणी हत्यार घेऊन वाकली, पण तिचा हात तसाच थांबला. तिला काही दिसेचना.

"दाढ कुठं पळून जात नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी डोळे पूस."