शकुनकाकूंचे सहाशे चाळीस केबी

समजा, तुम्हाला हा संगणक सुरू करायचा आहे. सुटकेससारखा जड, झाकण उघडलं की निळसर पडदा. पोटात मेमरी फक्त ५१२ केबी. मोबाइलमधला एक फोटोही मावायचा नाही. मागच्या खाचेत कार्ड खुपसलं की ६४० होते. त्यापुढे हे यंत्र जातच नाही, आणि तुमचा प्रोग्राम ६४०शिवाय उघडत नाही. बटण दाबा. पडद्यावर आकडा चढतोय. तो ५१२वरच अडला तर?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वरूडच्या शकुनकाकूंसमोर तो तिथंच अडला.

काकूंच्या शेडमध्ये संत्री निवडणारा पट्टा आहे. वजनकाट्याची वायर या संगणकाला लागते आणि कोणतं फळ कोणत्या कप्प्यात पडेल ते हा ठरवतो. काका गेल्यावर सगळे म्हणाले, पट्टा विका. काकूंनी तोच चालवून बाग राखली. आज आंबिया बहराच्या संत्र्यांचा ढीग पडून होता आणि व्यापारी नत्थुजी दारात ट्रक लावून बसले होते.

"वहिनी, सरसकट देऊन टाका. मोठं-बारीक, पोटात जाऊन एकच होते."

"मंग भाव बी सगळ्याले मोठ्याचाच द्या."

नत्थुजी हसले. "चहा पाजा. दिवस मावळेपर्यंत थांबतो, मंग नाई."

तेवढ्यात अमरावतीहून पुतण्या अमोल आला. इंजिनिअर, काखेत नवा लॅपटॉप.

"काकू, याले भंगारात द्या आता."

"तुह्याले लाव हे वायर."

अमोलनं लॅपटॉप फिरवून पाहिला. "याले तसं पोर्टच नाई. केबल मागवा लागते. अन् हा जुना प्रोग्राम यावर चालते का, तेही पाहा लागंन."

"अन् मेमरी वाढवाची असली तर?"

"नाई वाढत. कंपनीनं आतमधीच पक्की करून टाकली."

"मंग भंगार कोणाले म्हणून रायला तू?"

काकूंनी संगणक बंद करून कार्ड उपसलं. सोनेरी पट्ट्यांवर लालभडक बोट उमटलेलं. खंडेनवमीला विळे, काटा, ट्रॅक्टर पुजताना त्यांनी हे कार्डही पुसायला काढलं होतं आणि ओल्या बोटानं कुंकू लावलं होतं, जिथं सोन्यासारखं चमकलं नेमकं तिथंच.

अमोलनं कपाळाला हात लावला. "काकू, हे काय पूजेची जागा व्हय?"

"जे पोट भरते त्याले पुजीनच. जागा चुकली, एवढंच."

अमोलनं खोडरबरानं पट्ट्या हलकेच घासल्या. कार्ड बसवून बटण दाबलं. पुन्हा ५१२.

"भरू का ट्रक?" नत्थुजींनी कप खाली ठेवला.

"हात तं लावून पाहा माह्या ढिगाले!"

अमोलनं पुन्हा बंद करून, कार्ड काढून खाचेत टॉर्च मारला. कुंकू आतही गेलं होतं. काकूंनी कोरड्या ब्रशनं ते हळूहळू बाहेर काढलं. कार्ड पुन्हा बसलं. या वेळी आकडा ५१२ ओलांडून गेला. ६४०. पट्टा हलला, पहिलं संत्रं घरंगळत आपल्या कप्प्यात पडलं. नत्थुजी क्रेट मांडू लागले.

अमोल निघाला तेव्हा काकूंनी त्याचा लॅपटॉप मागून घेतला, उलटा केला. कुठं खाच नाही, झाकण नाही. गुळगुळीत पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

"पैसे आमचे, काम आमचं. मंग हे यंत्र कितीक वाढंन, ते बनवणाऱ्यानं काहून ठरवाव?"